वखारीमागची भिंत

खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरचे अपघात तर मोजण्यापलीकडे. नोकरीतलं पुष्कळ काही आता विसरलो आहे. एक प्रकरण मात्र मनातून जात नाही, आणि कागदावर ते अगदी किरकोळ होतं. एका वसाहतीची कंपाउंडची भिंत पाडली, एवढाच गुन्हा. त्यात कुणी मेलं नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. तरी निवृत्तीनंतर कुणी विचारलं की साहेब, तुमच्या सेवेतली लक्षात राहिलेली केस कोणती, तर मला आधी तीच भिंत दिसते.

मी तेव्हा निपाणीला इन्स्पेक्टर होतो. सेवेची शेवटची काही वर्षं उरली होती. या प्रकरणातली बहुतेक माणसं आजही हयात आहेत, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही. हुद्द्यानं किंवा नात्यानं उल्लेख करतो.

निपाणी म्हणजे तंबाखू. गावाच्या कडेला तंबाखूची एक मोठी वखार होती. धंदा बसल्यावर मालकांनी ती पाडली आणि जागेचे प्लॉट पाडून विकले. आमच्या भागात अशा वसाहतीला लेआउट म्हणतात. डॉक्टर, वकील, अडतदार, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी अशी माणसं तिथं बंगले बांधून राहिली. वखारीच्या मागच्या अंगाला विडी वळणाऱ्या बायकांची जुनी गल्ली होती. बहुतेक घरं दलितांची, काही मुसलमानांची. वखार चालू असल्यापासून गल्लीतली माणसं तिच्या आवारातूनच मोठ्या रस्त्याला जात. लेआउट झाल्यावरही ती वाट काही वर्षं चालू राहिली. मग लेआउटच्या असोसिएशननं सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि वाटेवर भिंत घातली. कारण दिलं सुरक्षिततेचं. गल्लीला रस्त्यावर यायला नाल्याकडून लांबचा वळसा पडू लागला. लोकांनी नगरपालिकेत अर्ज दिला होता, तो तिथं पडून होता.

एका सकाळी रोल कॉल आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात असोसिएशनचे अध्यक्ष चार-पाच जणांना घेऊन आत आले. त्यांच्या कपाळावर अजून लग्नातला कुंकवाचा टिळा होता.

"साहेब, काल बेळगावला आमच्या मुलीचं लग्न. सगळा लेआउट तिकडं आलेला. परत येऊन बघतोय तर मागची भिंत भुईसपाट!"

"वॉचमन कुठं होता?"

"त्यालाही आम्हीच जेवायला नेलं होतं. चांगुलपणा केला तो अंगाशी आला."

"कुणावर संशय?"

"संशय कसला, केरीतलीच पोरं. परवा जी बाई वारली ना, तिचा मुलगा मयताच्या दिवशी ओरडून सांगत होता, ही भिंत ठेवणार नाही म्हणून."

केरी हा कन्नड शब्द. आमच्या सीमाभागात दलित वस्तीला तो शब्द वापरतात, आणि वापरणाऱ्याला आपण काही वेगळं बोललो असं वाटतही नाही. तक्रार मराठीत सांगितली जात होती आणि आमचा रायटर ती कन्नडमध्ये लिहीत होता. तो शब्द तेवढा भाषांतर न करता तसाच उतरला.

मी विचारलं, "भिंत घालताना जातीचा काही विषय झाला होता का?"

अध्यक्ष दुखावले. खरोखरच दुखावले, ते नाटक नव्हतं. "छे छे, साहेब! आमच्यात सगळ्या जातीचे लोक आहेत. जैन आहेत, लिंगायत आहेत, मराठा आहेत, ब्राह्मण आहेत. ज्याची ऐपत आहे त्यानं प्लॉट घ्यावा. हा सगळा ऐपतीचा प्रश्न आहे."

त्यांची यादी तिथंच संपली. मी गुन्हा नोंदवून घेतला आणि पंचनाम्याला निघालो.

जागेवर गेल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात आली. हे पहार-कुदळीचं काम नव्हतं. विटांवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे होते आणि मातीत मोठ्या टायरांच्या खुणा होत्या. गल्लीतल्या पोरांनी रागाच्या भरात भिंत पाडली असती तर ती जागोजागी फुटली असती. ही सरळ, शांतपणे, एका कडेनं पाडलेली होती.

तरी ज्याचं नाव आलं त्याला बोलावणं भाग होतं. मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा. वडील लहानपणीच गेलेले. आईनं जन्मभर विड्या वळून त्याला शिकवलं होतं. सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचं काम आमच्याच ठाण्याकडे आलेलं होतं. आईला तंबाखूच्या धुळीनं दमा जडला होता. काही दिवसांपूर्वी दुपारी तिला जोराची धाप लागली. रिक्षा नाल्याकडून फिरवून न्यावी लागली, त्यात पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. वाट चालू असती तर ती वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण मुलाच्या मनात त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

तो माझ्यासमोर बसला. दाढी वाढलेली, हात गुडघ्यांवर.

"काल दुपारी कुठं होतास?"

"भाईर गेलतो."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"ते सांगत न्हाय, सायेब."

"कुणाबरोबर होतास?"

त्यानं मान खाली घातली.

"भिंत तू पाडलीस?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "न्हाय. पाडाय पायजे हुती, पन मी न्हाय पाडली."

हेड कॉन्स्टेबल पुढं सरकला. त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं. माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा माणूस ठाण्यात येताना गोष्ट तयार करूनच येतो. कुठं होतो, काय खाल्लं, कोण भेटलं, सगळं पाठ असतं. या मुलाकडे गोष्टच नव्हती. तो काहीतरी लपवत होता, पण ते स्वतःसाठी वाटत नव्हतं.

"नोकरी हातची जाईल, कळतंय ना? पडताळणीत मला हे लिहावं लागेल."

"जाऊ दे," तो म्हणाला.

वरून फोन आला. एका पुढाऱ्याचाही आला. पोराला आत टाका आणि विषय संपवा, असा दोन्हींचा अर्थ होता. मी पुरावा मिळाल्याशिवाय अटक करणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्या मुलाला रोज ठाण्यात हजेरी द्यायला लावली. तो वेळेवर यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी उठून जायचा. ठाण्यातला चहा त्यानं एकदाही घेतला नाही.

मी गल्लीत गेलो. तिथं सगळे ज्यांना आप्पा म्हणत ते एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं.

"सायेब, ते म्हनत्यात पैशाचा सवाल हाय. आसंल. आमच्याकडं पैसा न्हाय हे खरंच हाय. पन आमच्यातला एक जन बँकेत मोठा सायेब झाला. त्यो प्लॉट इचाराय गेलता. मोकळं प्लॉट दिसत हुतं, तरी संपल्यात म्हनून सांगितलं. आता तुमीच सांगा, त्यो सवाल कशाचा?"

मी मुलाबद्दल विचारलं. त्या दुपारी तो कुठं होता?

आप्पा काही बोलायच्या आत शेजारच्या घरातली एक बाई दारातून म्हणाली, "त्यो आईची राख सोडाय गेलता की वेदगंगेला. पांढऱ्या मोटारीतनं गेला. मी बघितलं न्हवं का, नाल्याच्या तिकडं मोटार हुबी हुती."

"कुणाची मोटार?"

"ते ठावं न्हाय. आत कोन बाईमानूस हुतं, पदर घेतलेलं."

म्हणजे मुलगा नदीवर होता. हे त्यानं सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. आईची राख सोडायला जाणं लपवण्यासारखं काय आहे? लपवायचं होतं ते मोटारीतल्या बाईला. तिथपर्यंत माझ्या लक्षात आलं, पुढचं येईना.

पुढचा धागा टिपवरून मिळाला. महामार्गावर कोगनोळीकडे आमच्या ओळखीचा एक खानावळवाला होता. त्याचा फोन आला. "सायेब, लग्नाच्या दिवशी एक जेसीबीवाला माझ्याकडं जेवला. निपाणीतनं परत निघालता. लई खुशीत हुता. म्हनला, आज बाईंचं एक काम केलं, जल्माचं सार्थक झालं."

जेसीबी कागलच्या बाजूला एका वीटभट्टीवर सापडला. ती हद्द महाराष्ट्राची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून मगच गेलो. ड्रायव्हर चाळिशीचा, धिप्पाड गडी. त्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, मीच पाडली. कुनी सांगितलं ते मातर इचारू नका."

"तुझ्यामुळं एक निरपराध पोरगा रोज ठाण्यात बसतोय. त्याची नोकरी जायची वेळ आलीय."

तो चपापला. हे त्याला माहीत नव्हतं. जेसीबीच्या चाकाला टेकला आणि म्हणाला, "सायेब, मी जांबोटीकडचा. आमच्या रानात शाळेत कोन जातंय? पावसाळ्यात वढं वलांडून बाई शाळेला यायच्या. मला घरनं वडून शाळेत बसवलं त्यांनी. आज चार अक्षरं वाचतोय, लायसन हाय, ते त्यांच्यामुळं. त्यांनी फोन केला, बाळ, एवढं काम कर. मी का म्हनून न्हाय इचारलं."

नाव त्यानं सांगितलं नाही, आणि मला त्याची गरजही उरली नाही. जांबोटीकडे शिक्षिका असलेली आणि आता निपाणीत राहणारी बाई शोधायची होती. परत येऊन मी लेआउटच्या वॉचमनला बोलावलं.

"आहेत की," तो म्हणाला. "रिटायर मुख्याध्यापिका बाई. कडेच्या बंगल्यात एकट्याच असतात. त्यांचे साहेब फॉरेस्टात होते, ते वारले. मुलगा पुण्याला असतो."

"गाडी?"

"पांढरी हाय. स्वतः चालवतात."

"त्यांच्याकडे कोण येतं-जातं?"

"कोण न्हाय तसं. शेजारची एक मुलगी शिकवणीला येते. आणि ती भांडी घासायला यायची ती म्हातारी, आता वारली बघा, तीच. मागनं वाट होती तवा मागनं यायची, भिंत झाल्यावर वळसा घालून पुढच्या गेटानं. दमायची बिचारी, माझ्या खुर्चीवर बसायची." "एक सांगू का साहेब? कामवालीला मालकीण गेटापर्यंत पोचवायला येताना मी तिथंच बघितलं."

त्या वाक्यानं सगळं जुळलं. जुळल्याचा आनंद मात्र झाला नाही.

महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दुपार टळलेली होती. बाई सत्तरीच्या आसपासच्या, ताठ, इस्त्रीची सुती साडी. दार उघडून त्यांनी माझ्या गणवेशाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या. मीच येणार होते. रोज साडी बदलून बसते आणि पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही."

बसल्यावर त्यांनीच बोलायला सुरुवात केली. मला प्रश्न विचारावे लागले नाहीत.

"जेसीबी मी बोलावला. त्या दिवशी लेआउट रिकामा असणार हे माहीत होतं. बरं नाही म्हणून मी लग्नाला गेले नाही. आणि त्या मुलाला मुद्दाम बरोबर घेऊन नदीवर गेले, म्हणजे भिंत पडेल तेव्हा तो गावातच नसेल, त्याच्यावर आळ येणार नाही. भिंतीचं त्याला काही सांगितलं नव्हतं. मला काय माहीत, तो माझं नाव घेणार नाही म्हणून?"

"तो तुमचा कोण?"

"भाचा. त्याची आई माझी धाकटी बहीण होती."

मग त्या बोलत गेल्या. जन्म त्याच गल्लीतला. शिकल्या, नोकरी लागली, लग्न झालं. नवऱ्यानं आडनाव बदलून गावावरून लावलं होतं. आयुष्य खानापूर तालुक्यात, जांबोटीकडेच गेलं. लेआउटमध्ये प्लॉट घेताना विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? त्यांनी जांबोटीकडच्या म्हणून सांगितलं. ऐकणाऱ्यानं हवं ते समजून घेतलं आणि यांनी ते समजू दिलं.

"इथं आले ती तिच्याजवळ राहायला. म्हातारपणी दोघी बहिणी जवळ असाव्यात, एवढंच होतं मनात. ती मागच्या वाटेनं यायची. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून बोलायचो. एक दिवस शेजारीण आली. तिला वाटलं, भांडीवाली आहे. मला म्हणाली, आमच्याकडेही पाठवा की. माझ्या बहिणीनं माझ्याकडं बघितलं, आणि उठून भांडी घासायला बसली. मी काही बोलले नाही, साहेब. त्या दिवसापासनं ती भांडीवालीच झाली."

"भिंतीच्या कागदावर तुमची सही आहे?"

"आहे. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मी घाबरले. तिला सांगितलं तर म्हणाली, करा की आक्का सही, मी येईन वळशानं." इथवर बाई शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत होत्या. इथं त्यांची भाषा एकदम बदलली. "लई गुनाची हुती वं ती. कवा एका शबदानं बोलली न्हाय मला."

त्या दिवशी भाच्याचा फोन आला, आईला धाप लागलीय. या गाडी काढून लांबच्या रस्त्यानं निघाल्या, तोवर रिक्षा पुढं गेली होती. दवाखान्यात पोचल्या तर लेआउटमधलं एक कुटुंब तिथं कुणाला तरी बघायला आलेलं. त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही इकडं कशा? या म्हणाल्या, आमची कामवाली वारली.

"मयताला गेले नाही मी. नाल्याच्या अलीकडं गाडीत बसून बघितलं."

मी त्यांना म्हणालो, "बाई, नदीवर तो तुमच्याबरोबर होता एवढा जबाब द्या. भिंतीचं पाहू. तुमच्या घरची गोष्ट जबाबात यायलाच हवी असं नाही."

"नको," त्या म्हणाल्या. "तो तिथं बाकावर माझ्यासाठी बसलाय. मला तिथं येऊनच सांगू दे. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात आल्या. अध्यक्ष, त्यांच्या पत्नी आणि असोसिएशनचे आणखी दोघं माझ्या खोलीत होते. मुलगा नेहमीप्रमाणे बाकावर होता. बाईंना बघून तो ताडकन उठला.

"मावशी, तू कशाला आलीस?"

खोलीतल्या सगळ्यांनी तो शब्द ऐकला. बाई त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या, "भिंत मी पाडली. हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. जी वारली ती माझी बहीण. ती माझी कामवाली नव्हती. माझं माहेर भिंतीमागच्या गल्लीतलं."

अध्यक्ष पुढं आले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो बाई, एवढं होतं तर आधी सांगायचं नाही का? आम्ही काय जात बघणारी माणसं आहोत? तुम्ही आमच्यातल्याच." त्यांनी तिथंच तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. पत्नीनंही मान हलवली. मला त्या क्षणी वाटलं, चला, एका तरी गोष्टीचा शेवट बरा झाला.

मुलाला बाहेर नेऊन मी विचारलं, "अरे, एवढं एक नाव सांगायला काय झालं होतं तुला? नोकरी घालवून बसला असतास."

तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. "आई म्हनायची, मावशीनं लई कष्टानं नाव कमावलंय तिथं. आपल्यामुळं त्येला धक्का लागू नये. आई गेली म्हनून ते मोडायचं व्हय, सायेब?"

प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन तडजोडीनं मिटलं. मुलाच्या पडताळणीत मी काही आक्षेप नाही असं लिहिलं. त्याला रायबागकडच्या डेपोत नेमणूक मिळाली. भिंतीच्या जागी एक छोटं फाटक बसवायचं ठरलं. ते बसवलं, दिवसा उघडं राहू लागलं, आणि मग हळूहळू आतून कडी पडू लागली.

बाईंचं काय झालं, ते मला बीटच्या पोलिसाकडून आणि वॉचमनकडून कळत गेलं. त्यांना कुणी एका शब्दानं दुखावलं नाही. वाटेत भेटले तर सगळे नमस्कार करायचे. पण बायकांची भिशी यांच्या घरी व्हायची, ती यांना कशाला त्रास म्हणून दुसरीकडे गेली. शिकवणीला येणारी मुलगी परीक्षा जवळ आली म्हणून यायची बंद झाली. परीक्षा जवळ आल्यावर शिकवणी बंद करणारे आईबाप मी तेव्हाच ऐकले. हळदीकुंकवाला बोलावणं आलं ते आदल्या दिवशीचं, फोनवरून, आणि जमलं तर या, असं. ज्यांच्या डोळ्यांत ठाण्यात पाणी आलं होतं, त्या अध्यक्षांचं घर यांच्या समोरच होतं. तिथला दरवाजाही कधी मोठ्यानं बंद झाला नाही. फक्त तो उघडेनासा झाला.

त्या गल्लीत गेल्या. बहिणीच्या घरी, तिला जाऊन महिना झाला त्या दिवशी. आप्पांनी बसायला दिलं. पण बहिणीच्या शेजारणीनं, जिनं पांढरी मोटार बघितली होती तिनंच, सगळ्यांसमोर विचारलं, "आक्का, धापा टाकत, वळसा घालून ती तुमच्या दारात कामवाली म्हनून येत हुती. कागदावर सही करताना तुमाला बहीन आठवली न्हाय व्हय?" बाई लवकरच उठल्या, आणि पुन्हा गल्लीत राहायला जायचा विचार त्यांनी सोडून दिला. काही महिन्यांनी त्यांनी बंगला विकला.

याचं मला वाईट वाटत राहिलं. गुन्ह्याचा तपास बरोबर झाला, निरपराध मुलगा सुटला, फिर्यादीनं तक्रार मागे घेतली. आमच्या खात्याच्या दृष्टीनं याहून चांगला निकाल नसतो. तरी त्यात एका म्हाताऱ्या बाईची दोन्ही घरं गेली, आणि ती कुणी घालवली हे कुठल्याही कलमाखाली लिहिता येत नाही.

निवृत्त झाल्यावर मी बेळगावला फ्लॅट घेतला. बिल्डरच्या ऑफिसात गेलो तेव्हा माझं बजेट विचारायच्या आधी त्यानं आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं, तो हसला, आणि चहा मागवला. मला तो फ्लॅट लगेच मिळाला. आपल्याकडे वस्त्या पैशावर वाटल्या जातात की जातीवर, असा वाद मी पुष्कळदा ऐकतो. शिकलेले लोक तो फार हिरिरीनं करतात. मला एवढंच कळलंय की पैशाबद्दल लोक उघड बोलतात, कारण त्यामागं दुसरं झाकता येतं. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते. जात बघत नाही हे त्यांना मनापासून वाटत होतं, कारण ती बघायची वेळच त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. वेळ आली तेव्हा ते रडले, आणि मग घरी जाऊन दार लावून घेतलं. अशा माणसाला आरोपी करता येत नाही. तो आपल्यापैकीच कुणीही असतो.

मागच्या वर्षी बाजारात बाई भेटल्या. भाजीची पिशवी हातात, तशाच ताठ. इथं बेळगावातच भाड्यानं राहतात. आग्रह करून मला घरी घेऊन गेल्या. दोन खोल्यांचं साधं घर, वरच्या मजल्यावर. भाचा सुट्टीला येतो, त्याचं लग्न ठरलंय, असं सांगत होत्या.

"इथं त्रास नाही ना काही?" मी विचारलं.

"घर बघायला गेले की मी पहिल्यांदा माझी गल्ली सांगते. बरीच घरं हुकली त्यात. ह्या मालकीणबाई ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, भाडं पाच तारखेच्या आत द्या. तेवढंच."

बाहेरच्या खोलीत, दारातून आत आल्या आल्या दिसेल अशा ठिकाणी, एका बाईचा फोटो लावलेला होता. नऊवारी पातळ, कपाळ मोकळं, चेहरा थोडा ओशाळलेला, फोटो काढायची सवय नसलेल्या माणसाचा असतो तसा. मी त्याच्याकडे बघतोय हे बाईंच्या लक्षात आलं.

"येणारे जाणारे विचारतात, ह्या कोण?" त्या म्हणाल्या. "मी सांगते, माझी बहीण."

पिशवीतली मेथी काढून त्या निवडायला बसल्या. थोड्या वेळानं, मान वर न करता, म्हणाल्या,

"किती सोपं आहे हो म्हणायला."